कुहीचा पाचवा हिस्सा

१

सोमवारी सकाळी रुपरावजींनी सामानाच्या खोलीतलं कपाट उघडलं, आणि दोरी जागेवर नव्हती.

दोरी म्हणजे दोरीच. इतवारी बाजारातून आणलेली, साधी, सुती, पाच मीटरची. त्याच कपाटात वरच्या खणात फॅसिटची दोन गणनयंत्रं होती. त्यांची किंमत ऐकून त्या काळी माणूस मटकन खाली बसला असता. शेजारी पितळेची वजनं होती, पोलादी टेप होता. चोरानं यातल्या एकाही वस्तूला बोट लावलं नव्हतं. कुलूप शाबूत, कडी शाबूत, आणि दोरी तेवढी गायब.

"अजब चोर आहे गा हा," भैयाजी म्हणाले. "दावंच पाह्यजे होतं त मले मागतं. माझ्या गोठ्यात दोन पडले आहेत."

सगळे हसले. कुसुमताई मानापुरे हसल्या नाहीत. शनिवारी केंद्र बंद होताना त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की सोमवारी सकाळी ती दोरी पोलादी टेपला लावून मोजायची.

ही गोष्ट १९६८ च्या डिसेंबरातली. तेव्हाचं नागपूरचं धरमपेठ आता शोधून सापडायचं नाही. रस्त्यावर दुपारी एखादी सायकलरिक्षा, बंगल्यांच्या कुंपणावर बोगनवेल, आणि कुंपणाशी टोपली घेऊन बसलेली संत्रीवाली. तिची संत्री सोलली की वास पार तिसऱ्या बंगल्यापर्यंत जायचा. अशाच एका बंगल्यात 'पीक अंदाज केंद्र' नावाची लहानशी संस्था होती. थंडीत सगळं केंद्र टेबलखुर्च्यांसकट व्हरांड्यातल्या उन्हात यायचं. फॅसिटचा दांडा कर्रकर्र फिरायचा, चहाचे पेले रिकामे व्हायचे आणि विदर्भात यंदा धान किती पिकणार याचं उत्तर हळूहळू कागदावर उतरायचं. कुसुमताई तिथे सांख्यिकी बघत. पुढे त्यांनी मोठमोठ्या थंडगार खोल्यांतले संगणक पाहिले, पण त्या उन्हातल्या खुर्चीची सर त्यांना कशालाच आली नाही, आणि हे त्या कोणालाही बेधडक सांगत.

केंद्राचे संचालक मनोहरराव चिंचमलातपुरे. आडनाव पाटीवर मावायचं नाही म्हणून पेंटरनं ते दोन ओळींत लिहिलं होतं. बारा वर्षं हा माणूस एकाच ध्यासात होता. शेतकरी पेरताना मागच्या सालचा भाव आठवतो, त्यामागच्या सालांचा थोडा थोडा आठवतो, पावसाकडे बघतो आणि ठरवतो. एकटा शेतकरी काय ठरवेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, पण हजारोंचं मिळून सांगता येतं. भाव आणि पाऊस घाला, दांडा फिरवा, आणि बाजारात किती धान येणार ते घ्या. हे मनोहररावांचं मॉडेल. घरी त्यांच्या पत्नी त्याला 'धाकटं लेकरू' म्हणत.

मॉडेल खरं की खोटं हे ताडायला पीककापणी होती. चिठ्ठ्या काढल्यासारखं शेत निवडायचं, त्यात खुंट्या ठोकून पाच मीटरचा चौकोन आखायचा, तेवढंच धान कापायचं, मळायचं, वजन करायचं. रामटेक, उमरेड आणि कामठीकडचे आकडे यंदा मॉडेलशी असे जुळले, की मनोहररावांनी पेढे वाटले. मग कुहीकडचे आकडे आले आणि पेढे घशात अडकले. कुहीचं धान मॉडेलपेक्षा पाचवा हिस्सा कमी होतं.

कुहीची कापणी वसंत तितरमारेनं केली होती. पंचविशीचा, कुहीजवळच्याच गावचा, अजून नोकरीत कायम न झालेला मुलगा. त्या वर्षी धानावर लेव्ही होती. अंदाज जितका, त्या हिशेबानं गावानं सरकारला धान द्यायचं. अंदाज कमी म्हणजे लेव्ही कमी. आपल्या गावासाठी या पोरानं आकडे पाडले, अशी कुजबुज आठवडाभर चालू होती. आता तर त्यानं चौकोन आखलेली दोरीच नाहीशी झाली.

मनोहररावांनी चष्मा काढून पुसला. "कुसुमताई, आता मोजायला उरलं काय? उद्या दुपारी मी वसंताला कमी करण्याचं पत्र देतो."

२

"एक दिवस द्या मला, सर," कुसुमताई म्हणाल्या.

"एक दिवसात काय होणार?"

"मॉडेलला बारा वर्षं दिलीत. पोराला एक दिवस द्या."

हे जरा लागलंच मनोहररावांना. वाईट माणूस नव्हता तो. पण मॉडेल चुकलं म्हणण्यापेक्षा वसंत चुकला म्हणणं त्यांना सोपं जात होतं, आणि कुसुमताईंना ते दिसत होतं. स्वतःच्या लेकराला नावं ठेवायला कुणाची जीभ वळते?

त्यांनी पहिल्यांदा भैयाजींना गाठलं. भैयाजी केंद्रातले दुसरे संशोधक. मॉडेलची टिंगल करणं हा त्यांचा जोडधंदा.

"शेतकरी काय गणित करून पेरते काय, बाई?" ते संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणाले. "बाप पेरे तेच पोरगा पेरते. मी सांगूनच राहिलो होतो, एक दिवस हे मॉडेल तोंडावर आपटते म्हणून. पण दोरी मी कायले नेऊ? फास लावून घ्याले?"

"रविवारी कुठे होतात?"

"धनवटे रंगमंदिराले. नाटकाची तालीम. राजाचा पार्ट आहे आपल्याकडं." भैयाजींनी मिशीवर हात फिरवला. "आणि सांगू का, ती दोरी बरोबर निघावी म्हणून मी त नवस बोलणार होतो. दोरी बरोबर म्हणजे मॉडेल चूक!"

हे त्यांचं बोलणं अगदी खरं होतं. कुसुमताईंनी मनातल्या मनात एक नाव पुसलं.

मग रुपरावजी. केंद्राचं सामान सांभाळणारा, साठीला टेकलेला, धोतर आणि काळा कोट घालणारा हा माणूस मूळचा कुहीचाच. केंद्राच्या मागच्या खोल्यांत तो आणि त्याची बायको जयवंताबाई राहत. लेकी लग्न होऊन गेल्या, आणि वसंत मॅट्रिक होऊन नागपुरात आला तेव्हापासून त्यांच्याच ओसरीत झोपायचा, त्यांच्याच ताटात जेवायचा.

"किल्ली कुठे असते तुमची?"

"देवाजवळच्या खिळ्याले, बाई. काल मी अन् जयवंता कामठीले गेलो होतो, साळीच्या पोरीचं लगन जमलं, कुंकू होतं. आलो तवा किल्ली जागेवर होती."

"आणि शनिवारी तुमचे कुहीचे भाऊ नत्थूजी आले होते ना?"

रुपरावजींचा चेहरा बदलला. "आला होता. नवे तांदूळ घेऊन. दरसाल आणते. लोकं काय बोलून राहिले ते मले समजते, बाई. पण नत्थू चारच्या गाडीनं गेला. तुमी दोरी मोजाचं बोलले तवा त तो कुहीच्या रस्त्याले लागला होता."

हेही खरं होतं. मोजायचं ठरलं हेच ज्याला ठाऊक नाही, तो दोरी कशाला पळवेल? कुसुमताईंनी दुसरं नाव पुसलं.

त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. नीटनेटकं कपाट, रुपरावजींच्या हातचं. पितळेच्या वजनांवर दसऱ्याचं कुंकू अजून होतं, फॅसिटच्या मागे आपट्याचं एक वाळकं पान चिकटलेलं होतं. दोरीच्या खणात त्याच दोरीचा उरलेला हातभर तुकडा पडला होता, पांढराशुभ्र.

"दसऱ्याची पूजा तुम्हीच करता?"

"त दुसरं कोण करते? सारं कपाट बाहेर काढतो. या दोन मशीना सोडून सारं धुतो, पुसतो. मशीनले साहेब पाणी लावू देत नाहीत." रुपरावजी थोडे हसले आणि लगेच गंभीर झाले. "बाई, पोट्टा तसा नाही हो. त्यानं खोटं लिहिलं नसन."

"मग दोरी कोणी नेली, रुपरावजी?"

रुपरावजींनी खाली पाहिलं. घरात किल्लीजवळ रविवारी एकटा कोण होता, हे दोघांनाही कळत होतं.

३

वसंत मागच्या ओसरीवर बसला होता. अंगणात जयवंताबाईंनी वड्या वाळत घातल्या होत्या आणि एका कावळ्याशी त्यांचं भांडण चाललं होतं. कुसुमताईंना बघून त्या पदर सावरत आत गेल्या. वसंत उठून उभा राहिला. कोपऱ्यात त्याची वळकटी बांधून तयार होती.

"बस," कुसुमताई म्हणाल्या. "आणि मला खरं सांग. कापणी कशी केलीस?"

"तुमी शिकवली तशीच."

"चौकोन पाच मीटरचा होता?"

"दोरी होती तेवढा." वसंत थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, डिसेंबरात. "बाई, उगाच तरास घेऊ नका. मले पत्र द्याले सांगा साहेबाले."

"का?"

त्यानं मान खाली घातली. आतून पोळ्यांचा वास येत होता. मग त्यानं मान वर केली.

"आकडे मी बसून लिहिले. कापणीले मी गेलोच नाही. दोरी बी मीच फेकली, तलावात. झालं?"

४

कबुली मिळाली की पोलीस कागद गुंडाळतात. कुसुमताईंनी पर्समधून एक कोरा कागद काढला.

"मग आत्ता लिहून दाखव."

"काय?"

"तुझ्या गावांचं धान. किलो आणि ग्रॅममध्ये. बसून लिहिलेस ना, तसे परत बस आणि लिही. तेच आकडे नको, नवे चालतील."

वसंतला यातली मेख कळली नाही. तो मान खाली घालून भराभरा लिहीत गेला. कुसुमताईंनी कागद हातात घेतला आणि त्यांना हसू आलं. पाच किलो शंभर. चार किलो साडेआठशे. पाच किलो तीनशे. चार किलो नऊशे. सगळे गोल, सगळे शेजारीशेजारी, एक वर तर पुढचा खाली.

"आता हे बघ, तू कापणीचे म्हणून दिलेले." त्यांना ते आकडे पाठ होते. "चार किलो एकशे दहा. लगेच पुन्हा चार किलो एकशे दहा. मग एकदम दोन किलो सातशे तीस. वसंता, खोटं लिहिणाऱ्याला सारखे दोन आकडे लागोपाठ लिहायची हिंमत होत नाही. निसर्गाला होते. तू धानाच्या बांध्यांतून फिरलास, पीक कापलंस, मळलंस, मोजलंस. आणि ते तू उत्तम केलंस."

वसंत नखानं ओसरीची कड कोरू लागला.

"दुसरं ऐक. मी काल रविवारभर कुहीचं एकेक गाव मॉडेलला लावून पाहिलं. चांगल्या जमिनीचं गाव पाचवा हिस्सा कमी. खडकाळ गाव, तेही पाचवा हिस्सा कमी. तलावाखालचं तेवढंच कमी. अरे, कीड पडली असती तर कुठे जास्त, कुठे कमी पडली असती. कोणी लबाडी केली असती तर आपल्या सोयऱ्याच्या गावाला जास्त माया दाखवली असती. सगळ्या गावांना एकाच मापानं कमी करणारी चीज एकच. माप."

"मले काही समजत नाही, बाई."

"समजतं तुला. शनिवारी मी दोरी मोजायचं बोलले आणि तू चपापलास. रविवारी घरात कोणी नव्हतं. तू किल्ली घेतलीस, दोरी टेपला लावलीस, ती भरली आखूड. बरोबर?"

वसंत भिंतीकडे बघत होता. कुसुमताई मात्र कोपऱ्यातल्या वळकटीकडे बघत होत्या. ज्याला अजून पत्र मिळालं नाही त्यानं सामान बांधून ठेवलेलं. आणि बांधलेलं कशानं? चांगल्या, नव्याकोऱ्या सुती दोरीनं. एका वेढ्याच्या खालून लाल धाग्याचं टोक डोकावत होतं. पोळ्याच्या सुमारास मनोहररावांनी स्वतः टेप लावून त्या दोरीच्या दर मीटरवर लाल धागा शिवला होता. कुहीकडची लोखंडी साखळी तुटली म्हणून ही दोरी घेतली होती. बाकी तिन्ही ठिकाणी साखळ्याच होत्या.

"तलाव बराच जवळ आला म्हणायचा," कुसुमताई म्हणाल्या आणि वळकटी सोडू लागल्या.

वसंतनं वळकटीवर हात ठेवला. "काकाजीले काही म्हणू नका, बाई," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "मी पाया पडतो तुमच्या."

"रुपरावजींना? त्यांचा काय संबंध?"

"त्यायनंच कापली ना दोरी."

५

मग सगळं बाहेर आलं. शनिवारी नत्थूजी तांदूळ घेऊन आला तेव्हा ओसरीवर दोघे भाऊ हळू आवाजात बोलत होते, आणि लेव्हीचं नाव वसंतनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दोरी अर्ध्या मीटरनं कमी भरली. किल्ली रुपरावजींची, कपाट रुपरावजींचं, भाऊ कुहीचा. वसंतनं दोन आणि दोन चार केले.

"पुढच्या सालात त्यायची पेन्शन आहे, बाई. हे निघालं त जाते ती. माझं काय, मी जवान आहे, कोठीबी हमाली करीन. त्यायनं मले सहा वर्षं जेवू घातलं. हप्त्यातून एक दिवस काकी माझ्यासाठी मुद्दाम झुणका करते. मी काय त्यायच्यावर बोट दाखवू?"

चोर सापडला होता, आणि त्याच्या चोरीला चोरी म्हणायची त्यांची तयारी नव्हती. त्यांना त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि त्यांनी तो ठेवला.

"तू शहाणा आहेस, पण अर्धाच," त्या म्हणाल्या. "दोरीचं टोक बघितलंस?"

"टोकाले काय?"

"दोन्ही टोकांना सरांनी गाठी मारून लाल धाग्यानं शिवलं होतं. दोन्ही गाठी आहेत. कापली असती तर एक गेली असती. आता हा पहिला मीटर बघ."

पर्समधून त्यांनी शिंप्याची फीत काढली. पहिल्या दोन लाल धाग्यांमधलं अंतर नव्वद सेंटिमीटर. पुढच्या दोहोंमधलं नव्वद. त्याच्या पुढचंही तेवढंच.

"कापलेल्या दोरीचा तुकडा एका जागचा जातो. हिचा प्रत्येक मीटर सारखाच आखडला आहे. आणि बाजू दहाव्या हिश्शानं कमी झाली की चौकोन किती कमी होतो?"

वसंतनं डोक्यात हिशेब केला. शिकवलेलं होतं ते. "नऊ नवे एक्याऐंशी..." त्याचे डोळे मोठे झाले. "पाचवा हिस्सा!"

"जवळपास. आता एवढंच सांग, शेतात ही कधी भिजली होती?"

"नाही बाई. दव पडे म्हणून मी बैलबंडीतच घोंगडीत ठेवो. कोरडीच होती."

कुसुमताईंनी दोरी उन्हात धरली. कपाटातला तुकडा पांढराशुभ्र होता. ही दोरी मात्र टोकापासून टोकापर्यंत किंचित पिवळट होती. त्यांनी ती नाकाशी नेली, आणि उठून तडक बादलीत पाणी भरायला सांगितलं.

६

मंगळवारी सकाळी व्हरांड्यातल्या उन्हात सगळे जमले. टेबलावर मनोहररावांनी सही करून ठेवलेलं पत्र होतं, त्यावर वजन म्हणून त्यांचाच पेला. भैयाजी खुर्ची उलटी करून बसले होते. रुपरावजी खांबाला टेकून उभे, आणि वसंत पायरीवर.

कुसुमताईंनी दोरी टेबलावर ठेवली. मनोहरराव ताडकन उठले.

"कुठे सापडली?"

"सांगते. वसंतनं नेली होती." भैयाजींनी "पाहा!" म्हणून मांडीवर थाप मारली. "थांबा, भैयाजी. ती का नेली हे शेवटी सांगते, आणि तेव्हा थाप मारू नका."

त्यांनी सगळं सावकाश मांडलं. कुहीचे आकडे बसून लिहिलेले का नाहीत, सगळ्या गावांची तूट सारखीच का, दोरीचा दर मीटर नव्वदच का. मग त्यांनी कपाटातल्या उरलेल्या तुकड्याची गोष्ट सांगितली. काल त्यावर दोन खुणा केल्या, तो बादलीत बुडवला, दिवसभर उन्हात वाळवला. आज सकाळी खुणांमधलं अंतर दहाव्या हिश्शानं कमी.

"कोरं सूत पहिल्या पाण्यात आटतं आणि मग तसंच राहतं. आम्ही बायका झंपराचं कापड शिवायच्या आधी भिजवतो ते यासाठीच. सरांनी पोळ्याला ही दोरी मोजली, धागे शिवले. कापणी दिवाळीनंतर. मधल्या काळात ही पाण्यात बुडाली. शेतात नाही, इथेच. आणि हिला अजून हळदीचा वास येतो."

रुपरावजी खांबापासून सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, उलट जरा अभिमानच होता.

"मी धुतली ना, बाई! दसऱ्याले! नवीन वस्तू, दुकानातून कोणाकोणाचा हात लागून आलेली. पाण्यातून काढल्याबिगर पूजेले कशी ठेवू? रिठ्याच्या पाण्यात धुतली, हळद लावली, वाळवली, घडी करून ठेवली. तुकडा त कामाची वस्तू नाही, म्हणून तो तसाच राहू दिला. काहून, चुकलं काय?"

फाटकाशी संत्रीवाली कुणाशी तरी भाव करत होती.

मग मनोहरराव हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "भाव घातला, पाऊस घातला, मागच्या तीन सालांची आठवण घातली," ते म्हणाले. "रुपरावजींचा दसरा घालायचा राहिला!" आणि एकाएकी त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी पत्र पेल्याखालून ओढलं, चार तुकडे केले आणि पायरीशी येऊन वसंतसमोर उभे राहिले. "वसंता, मी माझं मॉडेल वाचवायला तुला बुडवत होतो. माफ कर मला."

संचालकानं पोरासमोर असं म्हणणं त्या काळी पाहायला मिळत नसे. वसंत गोंधळून उभा राहिला आणि त्यांच्या पाया पडला. त्यानंतर कुसुमताईंनी उरलेलं सांगितलं, वसंतनं दोरी कोणासाठी लपवली ते. भैयाजींनी थाप मारली नाही. त्यांनी नुसतं "अरे पोट्ट्या," म्हटलं आणि दुसरीकडे पाहिलं.

रुपरावजींना मात्र ते समजायला वेळ लागला. समजलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तुले वाटलं, मी दोरी कापली?" ते वसंतला म्हणाले. "नत्थूसाठी?"

वसंत मान वर करेना. "तुमी दोघं लेव्हीचं बोलून राहिले होते, काकाजी."

"बोलणार नाही त काय? घरोघर तेच बोलणं आहे. सहा वर्षं माझ्या घरी जेवला तू. माझ्या संगं उठला, बसला. अन् तुले मी चोर वाटलो?"

"वाटले," वसंत कसाबसा म्हणाला. "पण तुमाले कोणी चोर म्हणन हे मले पाहवलं नसतं. म्हणून मी म्हटलं, मलेच म्हणू द्या."

रुपरावजींनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. कुसुमताईंना वाटलं, आपण गणित सोडवलं पण एक घर मोडलं. सांगायला नको होतं का हे शेवटचं? पण न सांगता वसंत चोरच राहिला असता.

भैयाजी हलक्या आवाजात म्हणाले, "आता कुहीचे आकडे वाढणार. म्हणजे लेव्ही बी वाढली. नत्थूजीची बी."

हे सगळ्यांच्या मनात होतंच. मनोहररावांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "पत्रानं कळवू गावांना," ते म्हणाले. "आठवडाभरात जाईल."

"पत्र पाठवू नका, साहेब," रुपरावजी म्हणाले. "दोरी मी धुतली. नत्थूनं नव्या धानातलं पोरीच्या लग्नाले ठेवलं आहे. ते त्याले काढून द्या लागन. कागदानं कळलं त तो म्हणन, भाऊ नागपुरात बसून चूप राह्यला. मीच सांगतो जाऊन."

ते मागे घराकडे गेले. थोड्या वेळानं परत आले तेव्हा डोक्यावर टोपी होती आणि हातात पिशवी. फाटकापर्यंत गेले, कडी काढली, आणि तसेच थांबले. पाठमोरेच होते. कुसुमताईंना त्यांचे खांदे तेवढे दिसत होते.

"वसंता," त्यांनी हाक मारली.

"जी, काकाजी."

"बसून काहून राहिला? चप्पल घाल. हे मले एकट्याच्यानं बोलल्या जाणार नाही गा. तू चाल माझ्या संगं."

वसंत धावत गेला. त्यानं रुपरावजींच्या हातातली पिशवी घेतली, ती त्यांनी दिली, आणि दोघं मोटार स्टँडकडे चालू लागले. रस्ता सरळ होता, म्हणून ते बराच वेळ दिसत राहिले. व्हरांड्यात कुसुमताईंना रडू आलं, आणि सगळ्यांसमोर त्यांनी ते येऊ दिलं.